जुन्या इंग्रजी कागदांतील समरूप शब्द

शिवकालाच्या अभ्यासकास सुरत, राजापूर व मुंबई येथील इंग्रज वखारकरांचीं पत्रें टाळतां येत नाहींत. तीं इंग्रजींत आहेत आणि इंग्रजी तर आपण शाळेंतच शिकलों, या भरंवशावर पुष्कळजण तीं सरळ वाचूं लागतात. मोडी कागद हातीं घेतांना जी सावधगिरी आपण बाळगतों, तिचा येथें लेशही दिसत नाहीं. मोडींत इकार-उकारांचे ऱ्हस्वदीर्घ भेद सहसा पाळीत नसत. 'दिन' कीं 'दीन' हें संदर्भावरून ठरवावें लागतें. सतराव्या शतकांतील इंग्रजीची स्थिति याहून फार निराळी नव्हती, एवढेंच येथें दाखवावयाचें आहे.

फूल या अर्थाचा 'फ्लावर' व पीठ या अर्थाचा 'फ्लावर' हे आज दोन स्पेलिंगांचे दोन शब्द आहेत. मूळचा शब्द एकच. दळलेल्या धान्याचा जो उत्तमांश तें त्याचें फूल, अशी कल्पना. डॉ. जॉन्सनच्या १७५५ च्या कोशांतही पिठासाठीं वेगळें स्पेलिंग नाहीं. तेव्हां त्यापूर्वींच्या एखाद्या गलबताच्या रसदेंत फुलांचीं पिंपें आढळल्यास चकित होऊं नये! धातुवाचक 'मेटल' आणि तेज किंवा धैर्य या अर्थाचा 'मेटल' यांचीही तीच कथा. तलवारीचें पाणी आणि माणसाचें पाणी असें आपण एकाच शब्दानें म्हणतों, तसें तेंही होतें. दोन अर्थांना दोन स्पेलिंगें वांटून देण्याचें काम अठराव्या शतकांत पक्कें झालें. 'दॅन' (पेक्षां) व 'देन' (तेव्हां) हे सुद्धां सतराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत एकमेकांच्या जागीं येत.

हीं उदाहरणें निरुपद्रवी होत. 'टन' या शब्दाचें तसें नाहीं. आज वजनाचा 'टन' ओ अक्षरानें आणि दारूच्या मोठ्या पिंपाचा 'टन' यू अक्षरानें लिहितात. जुन्या लेखनांत हा भेद नव्हता, कारण वजन हें त्या पिंपांतूनच निघालें. एका पिंपांत २५२ गॅलन द्राक्षमद्य मावे, आणि जहाज अमुक 'टनांचें' म्हणजे त्याच्या पोटांत तितकीं पिंपें बसतील, असा मूळ हिशेब. पुढें लांबी, रुंदी व खोली यांवरून हा आंकडा काढूं लागले, तरी तो जागेचाच राहिला. आपल्याकडे खंडी हें मापही आहे आणि वजनही आहे, आणि गलबताची योग्यता खंडींत सांगत, हें ज्यास ठाऊक आहे त्यास यांत नवल वाटूं नये. परंतु ३०० टनांचें इंग्रजी जहाज म्हणजे २,२४० पौंडांच्या टनानें तितकें वजन वाहणारें जहाज, असें धरून मराठी गुराबांशीं त्याची तुलना केली, तर ती तुलना पायापासूनच चुकते. दोन्हीकडील माप वजनाचें कीं जागेचें, हें आधीं ठरविलें पाहिजे.

याहून घातक शब्द 'लेट'. येथें मात्र मूळचे शब्दच दोन आहेत: एकाचा अर्थ जाऊं देणें, दुसऱ्याचा अडविणें. उच्चार व लेखन कालांतरानें एक झालें, अर्थ मात्र परस्परविरुद्धच राहिले. संस्कृतांत 'आरात्' या एकाच अव्ययाचे दूर व जवळ असे दोन्ही अर्थ कोशकार देतात, त्याची आठवण होते. १६११ च्या इंग्रजी बायबलांत 'लेट' दोन्ही अर्थीं आला आहे. अडथळ्याचा अर्थ आपल्या पासपोर्टावरील विनंतींत आणि टेनिसच्या खेळांत अद्याप जिवंत आहे. वखारीच्या पत्रांत कोणास 'लेट' केलें असें आढळल्यास, त्यास सोडलें कीं अडविलें? एका शब्दावरून एखादा सुभेदार मित्र किंवा शत्रु ठरावयाचा! व्यक्तिनामापुढें दुसरें क्रियापद असेल तर बहुधा परवानगीचा अर्थ. नुसती व्यक्ति असेल, किंवा 'फ्रॉम' हें अव्यय असेल, तर बहुधा अडथळ्याचा. नाम म्हणून आल्यास अर्थ अडथळाच.

उरला 'वाय' आणि 'ई' या अक्षरांचा शब्द. तो 'यी' असा वाचण्याची चाल पडली आहे, परंतु बहुतेक ठिकाणीं तें 'दी' हें उपपदच होय. इंग्रजींत पूर्वीं 'थॉर्न' नांवाचें एक अक्षर असे. हस्तलेखांत तें हळूहळू 'वाय'सारखें दिसूं लागलें, जसें बाळबोधींत 'रव' व 'ख' यांत वाचक फसतो. कॅक्स्टननें १४७६ सालीं इंग्लंडांत छापखाना आणल्यावर तें अक्षर छापींतून लवकरच गेलें. हातानें लिहिणारे मात्र संक्षेपासाठीं तें पुढेंही वापरीत. 'तुम्ही' या अर्थाचा खरा 'यी' याच अक्षरांनीं लिहीत, हीच अडचण. हस्तलेखांत उपपद असेल तर 'ई' बहुधा बारीक करून 'वाय'च्या माथ्यावर चढविलेली असते. छापील प्रतींत ती ओळींत उतरविली जाते आणि खूण नाहींशी होते. अशा जागीं मूळ कागदाची छायाप्रत पाहिल्याखेरीज वाक्याचा कर्ता ठरवूं नये.