मेंडेड ड्रम

मेंडेड ड्रम : टेरी प्रॅचेट (१९४८–२०१५) या इंग्रज विनोदी लेखकाच्या ‘डिस्कवर्ल्ड’ कादंबरीमालेतील अंख-मॉरपॉर्क शहरातला प्रसिद्ध गुत्ता. पत्ता : फिलिग्री स्ट्रीट. अंख नदीच्या दोन्ही तीरांवर पसरलेल्या या शहरात पिण्याची ठिकाणे पुष्कळ आहेत, पण नवखा माणूस हटकून इथेच येऊन पोहोचतो आणि शहर म्हणजे काय ते त्याला पहिल्याच रात्री कळते.

याचे मूळ नाव ब्रोकन ड्रम. मालेच्या पहिल्याच कादंबरीत, ‘द कलर ऑफ मॅजिक’मध्ये (१९८३), तो भस्मसात होतो. दूरच्या अगाटियन साम्राज्यातून आलेला टूफ्लॉवर हा डिस्कवर्ल्डमधला पहिला पर्यटक. घरी तो विमा कचेरीत कारकून. गुत्त्याचा मालक ब्रॉडमन याला तो आगीच्या विम्याची कल्पना समजावतो. ब्रॉडमनच्या डोक्यात त्यातले एकच शिरते : जागा जळाली की पैसे मिळतात. मग जागा जळते आणि तिच्याबरोबर शहराचा मोठा भागही. अद्भुतकथांतली शहरे एरवी ड्रॅगनच्या फुत्काराने बेचिराख होतात. इथे एक विमा पुरला. प्रॅचेटची सगळी रीत या प्रसंगात आहे. जादूच्या जगात तो व्यवहारातली एखादी साधी गोष्ट आणून सोडतो आणि पुढचे माणसांच्या हावेवर सोपवतो. गुत्ता पुन्हा बांधला गेला, फुटका ढोल सांधला गेला आणि नावही तसेच पडले. पुढच्या काळात मालक म्हणून हायबिस्कस डनेल्म भेटतो.

गिऱ्हाइकांत चोर, मारेकरी, भाडोत्री लढवय्ये, बुटके, ट्रोल आणि अनसीन युनिव्हर्सिटीतले जादूगार असतात. मारामारी नित्याची. सर्वांत मान्यवर गिऱ्हाईक म्हणजे विद्यापीठाचा ग्रंथपाल. ‘द लाइट फँटास्टिक’मध्ये (१९८६) जादूच्या उत्पातात त्याचा ओरांगउटान झाला, पुन्हा माणूस होण्याची त्याची मुळीच इच्छा नाही, कारण लांब हातांनी उंच फडताळे गाठणे सोपे जाते. तो शेंगदाणे खात शांत बसतो. त्याच्यासमोर ‘माकड’ हा शब्द उच्चारणाऱ्याची मात्र धडगत नसते. ‘सोर्सरी’त (१९८८) पळपुटा जादूगार रिन्सविंड त्याच्याच सोबतीने इथे पीत बसलेला असताना संकट दारातून आत येते.

दारावर डेट्रिटस हा ट्रोल उभा असे. नको असलेल्या गिऱ्हाइकाला बाहेर घालवण्याचे त्याचे काम, पण अंगी दगडाचे बळ असल्याने ते नेहमीच्या रखवालदारापेक्षा बरेच जास्त होई. ‘गार्ड्स! गार्ड्स!’मध्ये (१९८९) बुटक्यांत वाढलेला सहा फुटी कॅरट पहारेकरी म्हणून शहरात दाखल होतो. त्याने जुने कायदे तोंडपाठ केलेले असतात आणि ते या गुत्त्यालाही लागू आहेत अशी त्याची प्रामाणिक समजूत असते. तोवर असा विचार कोणी केलेलाच नव्हता. पुढे ‘मेन ॲट आर्म्स’मध्ये (१९९३) खुद्द डेट्रिटसच पहाऱ्यात भरती होतो. आरंभी हा गुत्ता तलवारबाजीच्या कथांतल्या ठरावीक अड्ड्याची, विशेषतः फ्रिट्झ लायबरच्या लांखमार शहरातील ‘सिल्व्हर ईल’ची, नक्कल वाटतो. नंतरच्या पुस्तकांत तो शहराची संस्था बनतो. ‘सोल म्युझिक’मध्ये (१९९४) वादक संघाला न जुमानणारा नवा वाद्यवृंद आपला पहिला कार्यक्रम इथेच करतो, हे त्या दृष्टीने योग्यच.

डिस्कवर्ल्डचा नकाशा होऊ शकत नाही, असे प्रॅचेट आधी सांगत असे. तरी स्टीफन ब्रिग्जच्या चिकाटीमुळे १९९३ साली शहराचा नकाशा निघाला आणि वाचकांना या गल्ल्या बोटाने शोधता येऊ लागल्या. इंग्लंडमधील सॉमरसेट परगण्यातल्या विंकँटन गावाने २००२ मध्ये अंख-मॉरपॉर्कशी जुळ्या शहराचे नाते जाहीर केले. ‘डिस्कवर्ल्ड’वर आधारलेल्या मजकुरी संगणकीय खेळातही मेंडेड ड्रम हा खेळाडूंचा जमण्याचा अड्डा आहे.