वधूचा केक आणि मँचेस्टरची दुकानदारीण

लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर सेंट ब्राइड्स नावाचे चर्च आहे. क्रिस्टोफर रेनच्या आराखड्यानुसार बांधलेला त्याचा मनोरा १७०३ च्या सुमारास पूर्ण झाला. वर वर निमुळते होत जाणारे अष्टकोनी मजले एकावर एक चढवलेले, आणि त्यांवर टोकदार कळस. लग्नाच्या मजली केकचा इतिहास सांगायला बसलेला जवळजवळ प्रत्येक जण याच मनोऱ्यापाशी येऊन थांबतो.

कथा अशी की, जवळच्या लडगेट हिलवरील बेकरीत काम शिकणारा एक तरुण मालकाच्या मुलीच्या प्रेमात पडला. लग्न ठरले. असा केक करावा की साऱ्या शहराने पाहत राहावे, असे त्याच्या मनात आले. त्याने मान वर केली, समोर मनोरा दिसला, आणि मजल्यांचा केक जन्माला आला.

कथा गोड आहे, पण तपासू लागले की तिचे मजले डळमळतात. काही जण या तरुणाचे नाव थॉमस रिच सांगतात आणि त्याला १७०३ सालात बसवतात. काहींच्या मते तो विल्यम रिच, आणि काळ अठराव्या शतकाची अखेर. मधले अंतर दोन-तीन पिढ्यांचे आहे. शिवाय १८४० साली राणी व्हिक्टोरियाच्या लग्नात जो प्रचंड केक कापला गेला, तोही मनोऱ्यासारखा नव्हता. वजन सुमारे ३०० रत्तल, घेर तीन यार्ड आणि उंची अवघी १४ इंच, म्हणजे भल्या मोठ्या जात्यासारखा. १८५८ साली तिच्या थोरल्या मुलीच्या लग्नात उंच केक दिसला, पण त्याचे वरचे मजले केकचे नसून साखरकामाचे होते. रिचच्या केकनंतर शंभर-दीडशे वर्षे राजघराण्यालाही तो जमला नव्हता असे मानायचे, की कथाच नंतर रचली गेली असे मानायचे? दुसरी शक्यता अधिक पटते.

मनोरा बाजूला ठेवून सुरीच चालवून पाहू. जुन्या इंग्रजी पद्धतीचा लग्नाचा केक कापला की आत तीन थर दिसतात. तळाशी सुक्या मेव्याने गच्च भरलेला काळसर केक, त्यावर बदामाचा पिवळसर लगदा, आणि सर्वांत वर कडक पांढरी साखर. वसईपासून गोव्यापर्यंतच्या ख्रिस्ती लग्नांतही ही रचना ओळखीची आहे. इकडे बदामाच्या जागी पुष्कळदा काजू येतो. या तीन थरांचा जन्मदाखला मात्र उपलब्ध आहे. लग्नाचा केक म्हणून ते एकत्र आणणारी पहिली छापील कृती १७६९ सालच्या एका पुस्तकात सापडते. ते पुस्तक लिहिणारी व्यक्ती राजवाड्यातील आचारी नव्हती. ती मँचेस्टरच्या बाजारपेठेत दुकान चालवणारी स्त्री होती, एलिझाबेथ रॅफल्ड.

एलिझाबेथचा जन्म १७३३ साली यॉर्कशायरमधील डॉनकास्टरचा. वडील शिक्षक असल्यामुळे मुलींना चांगले शिक्षण मिळाले, थोडी फ्रेंचही आली. पंधराव्या वर्षी ती मोठ्या घरांत नोकरीला लागली आणि चढत चढत 'हाउसकीपर' झाली. वाड्यातील कोठीच्या किल्ल्या, मोलकरणींवरची देखरेख, मुरंबे, लोणची, मिठाया, असा सारा कारभार या पदाकडे असे. १७६० च्या अखेरीस ती चेशरमधील आर्ली हॉल येथे वॉरबर्टन घराण्याकडे आली. पगार वर्षाला १६ पौंड. ती तिथे स्थिरावत होती त्याच सुमारास, जानेवारी १७६१ मध्ये, इकडे पानिपत घडत होते.

त्याच वाड्यात जॉन रॅफल्ड हा मुख्य माळी होता. मार्च १७६३ मध्ये दोघांचे लग्न झाले आणि थोड्याच दिवसांत दोघांनीही नोकरी सोडली. जॉनचे कुटुंब मँचेस्टर-सॅलफर्ड भागात बागा आणि बियाण्यांच्या व्यवसायात होते, तेव्हा जोडपे मँचेस्टरला आले. जॉन फुले आणि बियाणे विकू लागला. एलिझाबेथने फेनेल स्ट्रीटवर आपले दुकान मांडले.

मँचेस्टर तेव्हा अजून आपल्या ओळखीचे गिरण्यांचे शहर झाले नव्हते. १७७० च्या दशकातील मोजणीत तिथे सुमारे २२ हजार माणसे भरली. पार्लमेंटमध्ये त्याचा स्वतंत्र प्रतिनिधीही नव्हता. पण कापडाच्या व्यापाराने शहर फुगत होते. १७६१ साली ब्रिजवॉटर कालवा सुरू झाल्यावर कोळसा स्वस्त झाला. कापडाचे व्यापारी, वकील, डॉक्टर यांच्या हाती पैसा खुळखुळू लागला. त्यांच्या बायकांना उमरावांसारखी मेजवानी द्यायची होती, पण घरात हाउसकीपर नव्हती. एलिझाबेथने नेमकी ही उणीव हेरली. आर्ली हॉलच्या कोठीत जे वर्षाला १६ पौंडांत एका घराण्याच्या सेवेत होते, ते ज्ञान तिने दुकानाच्या फळीवर मांडले. ज्याला हवे त्याने मोल देऊन न्यावे.

दुकानाचा व्याप पाहिला की दम लागतो. थंड मांसाचे पदार्थ, लोणची, जेली, मिठाया, मेजावर शोभेसाठी मांडायची साखरकामे. शिवाय नोकर हवे असणाऱ्यांना नोकर आणि नोकरी हवी असणाऱ्यांना घरे मिळवून देणारी नोंदणी-कचेरी. शिवाय पाककलेचे वर्ग. आणि या सर्वांच्या मध्ये बाळंतपणे. तिला सोळा मुली झाल्याची दंतकथा आहे. आधुनिक चरित्रकार इतका मोठा आकडा मान्य करत नाहीत. १७६६ साली दुकान मार्केट प्लेसजवळच्या अधिक मोठ्या जागेत गेले.

१७६९ साली तिने 'द एक्सपीरियन्स्ड इंग्लिश हाउसकीपर' हे पुस्तक काढले. आठशेहून अधिक ग्राहकांनी आगाऊ नावे नोंदवली. पुस्तक आपल्या जुन्या मालकिणीला, लेडी एलिझाबेथ वॉरबर्टन यांना अर्पण केलेले होते. सुमारे ९०० कृतींच्या त्या गर्दीत एक आहे 'ब्राइड केक', म्हणजे वधूचा केक.

साहित्य जुन्या मापातच वाचावे. एक रत्तल म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. मैदा ४ रत्तल, ताजे लोणी ४ रत्तल, साखर २ रत्तल, करंट नावाचे बारीक काळे बेदाणे ४ रत्तल, बदाम १ रत्तल, साखरेत मुरवलेले महाळुंग, संत्र्याची साल आणि लिंबाची साल प्रत्येकी १ रत्तल. जायपत्री आणि जायफळ पाव-पाव औंस, आणि अर्धा पिंट ब्रँडी. अंडी मैद्याच्या दर रत्तलामागे आठ, म्हणजे एकूण ३२. अंडी व ब्रँडी सोडूनच हा माल अठरा रत्तल भरतो. घरातल्या चार माणसांचा हा केक नव्हे. वऱ्हाड जेवायला येणार हे गृहीत धरूनच तो लिहिला आहे.

खरी कथा मात्र साहित्यात नसून घोटण्यात आहे. बेकिंग पावडर बाजारात यायला अजून पाऊण शतक होते. केक फुगवायचा तर हवा हातानेच भरावी लागे. लोणी हाताने घोटून मऊ करायचे, साखर घालून पाव तास घोटायचे, पांढरे वेगळे फेटून घट्ट फेस आणायचा, पिवळे निदान अर्धा तास फेटायचे. अंडी फेटून ठेवून द्यायची नाहीत, नाहीतर फेस बसतो, असे ती बजावते. मोठा केक मातीच्या किंवा पत्र्याच्या भांड्यापेक्षा लाकडी कड्यात भाजावा, म्हणजे कडा करपत नाहीत, हीदेखील तिचीच सूचना. असे वाक्य वाड्यातल्या पुस्तकांतून उचलता येत नाही. ते लिहिण्याआधी केव्हातरी कडा करपलेल्या असाव्या लागतात.

मग बदामाचा थर. तीन अंड्यांच्या पांढऱ्याचा फेस, गुलाबपाणी घालून वाटलेले रत्तलभर बदाम आणि रत्तलभर साखर. केक भट्टीतून निघाला की हा लगदा त्यावर पसरायचा आणि तांबूस होण्यासाठी पुन्हा आत सारायचा. शेवटी पांढरा थर. दोन रत्तल दुहेरी शुद्ध केलेली साखर आणि दोन औंस स्टार्च एकत्र कुटून तलम कापडाच्या चाळणीने चाळायचे. पाच अंड्यांचे पांढरे सुरीने अर्धा तास फेटत राहायचे आणि त्यात ही साखर थोडी थोडी मुरवायची. 'रॉयल आयसिंग' हे नाव या थराला पुढे रूढ झाले. एलिझाबेथ त्याला साधे 'शुगर आयसिंग' म्हणते.

या तीन थरांची प्रेरणा कोठून आली? एकही थर सर्वस्वी नवा नव्हता. मेव्याचा केक इंग्लंडमध्ये जुनाच होता. बदाम, साखर आणि गुलाबपाणी यांचे 'मार्चपेन' ट्यूडर काळापासून श्रीमंतांच्या मेजवान्यांत वेगळे मांडले जाई. लग्नाच्या पंक्तीला तर शतकभरापूर्वी केकऐवजी 'पाय'ही चाले. १६६० साली रॉबर्ट मे याच्या पुस्तकात अशा वधूच्या पायची कृती आहे. एलिझाबेथने दोन वेगळ्या ताटांतले मानाचे पदार्थ एकावर एक चढवले आणि त्यांवर सर्वांत महाग वस्तू पांघरली. दुकानदाराच्या नजरेने पाहिले तर त्यात व्यवहारही आहे. साखरेच्या कवचाखाली केकचा ओलावा टिकतो, तो प्रवास सोसतो, आणि दुरूनही दिसते की यजमानाने खर्च केला आहे.

कारण पांढरा रंग तेव्हा स्वस्त नव्हता. साखर शंकूच्या आकाराच्या दगडी कडकपणाच्या ढेपेत येई; ती अडकित्त्यासारख्या चिमट्याने फोडून खलबत्त्यात कुटावी लागे. जितकी अधिक शुद्ध, तितकी पांढरी आणि तितकी महाग. ही साखर येई कॅरिबियन बेटांवरून, आफ्रिकेतून पकडून नेलेल्या गुलामांच्या कष्टांतून. त्या गुलामव्यापारातील तेव्हाचे ब्रिटनचे सर्वांत मोठे बंदर लिव्हरपूल, मँचेस्टरपासून तीसेक मैलांवर. वधूच्या केकवरील शुभ्रतेचा हा हिशेब पाककृतीत कुठेच लिहिलेला नाही. तो लिहिला जावा असे त्या काळच्या मँचेस्टरमध्ये फारच थोड्यांना वाटत असावे.

पुस्तक धडाक्याने खपले. चोरट्या आवृत्त्यांना आळा घालण्यासाठी ती पहिल्या पानावर स्वतः सही करी, तरीही त्या निघतच राहिल्या. लंडनच्या प्रकाशकाने उत्तरेकडचे बोलीतील शब्द बदलायला सुचवले, तेव्हा तिने साफ नकार दिला. १७७२ साली तिने मँचेस्टरची पहिली व्यापारी निर्देशिका छापली, कोण कोणता धंदा करतो आणि कुठे राहतो याची यादी. १७७३ साली पुस्तकाचे हक्क १,४०० पौंडांना विकले गेले. आर्ली हॉलच्या पगाराने एवढी रक्कम मिळवायला ८७ वर्षे लागली असती.

आणि इथेच या यशाला तडा होता. इंग्रजी कायद्यानुसार विवाहित स्त्रीची कमाई नवऱ्याच्या मालकीची असे. धनाढ्य घराण्यांना विश्वस्त नेमून पळवाट काढता येई. दुकानदारिणीला ती कुठली परवडणार? 'स्त्रीधन' हा शब्द ज्यांच्या कानावरून गेला आहे, त्यांना हे चमत्कारिक वाटेल, पण विवाहित स्त्रीला आपली मालमत्ता पूर्णपणे स्वतःच्या नावावर ठेवण्याचा हक्क इंग्लंडमध्ये १८८२ च्या कायद्याने मिळाला. तोपर्यंत बत्तीस अंडी कोणीही फेटली तरी गल्ला जॉनचाच.

जॉन दारूच्या आहारी गेला होता. १७७२ साली जोडप्याने सॅलफर्डमधील 'किंग्ज हेड' ही मोठी खानावळ चालवायला घेतली होती, पण कर्जे वाढत गेली. अखेर ती सोडावी लागली आणि दोघे मँचेस्टरच्या एक्सचेंज कॉफी हाउसमध्ये परतले. परवाना जॉनच्या नावावर, स्वयंपाकघर एलिझाबेथच्या हाती. १७८० च्या उन्हाळ्यात ती कर्सल मूरच्या घोड्यांच्या शर्यतींना येणाऱ्या स्त्रियांना स्ट्रॉबेरी आणि साय विकत होती. याच सुमारास तिने सुईणकामावरही एक पुस्तक लिहिले होते. ते तिच्या नावाने कधीच छापले गेले नाही.

१९ एप्रिल १७८१ रोजी ती अचानक वारली. वय ४७. तिच्या मृत्यूनंतर लगेचच सावकार दारात उभे राहिले. कॉफी हाउस बंद झाले आणि जॉन लंडनला निघून गेला. त्याच वर्षी तिच्या निर्देशिकेची तिसरी आवृत्ती बाहेर आली.

पाककृतींचे पुस्तक पुढे कित्येक वर्षे छापले जात राहिले. राजकन्या असताना व्हिक्टोरियाने त्यातील काही कृती आपल्या वहीत उतरवून घेतल्या होत्या. मँचेस्टरमध्ये एलिझाबेथच्या दुकानाच्या परिसरात स्मृतिफलक लावला गेला. १९९६ च्या बॉम्बस्फोटात त्याची हानी झाली, पुढे नवा फलक बसवण्यात आला. लंडनमध्ये सेंट ब्राइड्सचा मनोरा दाखवणारे वाटाडे पाहुण्यांना आजही रिच आणि त्याच्या वधूची गोष्ट सांगतात.