संगणकाची शुद्धिपत्रके

सरकारी कचेरीत ज्याने काही वर्षे काढली आहेत, त्याला शुद्धिपत्रक चिकटविण्याच्या कामाचे महत्त्व सांगावयास नको. नियमपुस्तक एकदा छापले म्हणजे संपले, असे होत नाही. नियम बदलतो, एखादा शब्द चुकलेला आढळतो आणि वरून कागदाची लहानशी पट्टी येते. ती खळ लावून योग्य पानावर बसवावयाची असते. टपालाच्या गठ्ठ्यात ती पडून राहिली, तर पुस्तक दिसावयास जसेच्या तसे राहते; त्याच्या आधारे दिलेला निर्णय मात्र चुकतो. आज आपल्या मेजावरचा संगणक ‘अद्ययावत करा’ अशी जी सूचना वारंवार दाखवितो, ती याच कुळातील होय. तिचा इतिहास थोडक्यात पाहण्याचे आम्ही योजिले आहे.

हे साम्य केवळ कल्पनेतले नाही. हार्वर्ड विद्यापीठातील ‘मार्क १’ हे यंत्र १९४४ साली कामाला लागले, तेव्हा त्याला द्यावयाच्या आज्ञा कागदी फितीवर भोके पाडून लिहीत. भोक चुकीच्या जागी पडले, तर कागदाचा तुकडा डकवून ते बुजवीत. इंग्रजीत ठिगळाला ‘पॅच’ म्हणतात. फिती गेल्या, भोके गेली. पण तो शब्द आजच्या अदृश्य दुरुस्त्यांनाही चिकटून राहिला आहे.

यंत्रे एकेकटी होती, तोवर ठिगळ उशिरा लागल्याने होणारे नुकसान त्या यंत्रापुरतेच असे. जाळ्याने ती जोडली गेल्यावर एकाची हयगय शेजाऱ्याला भोवू लागली. २५ जानेवारी २००३ रोजी ‘स्लॅमर’ नावाचा उपद्रवी प्रोग्राम सुटला आणि सुमारे ७५,००० यंत्रांत शिरला. त्यांपैकी बहुतेक पहिल्या दहा मिनिटांतच त्याच्या तावडीत सापडली. ज्या फटीतून तो आत आला, ती बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने जुलै २००२ मध्येच प्रसिद्ध केली होती. औषध सहा महिने कपाटात होते. ते कोणी घेतले नव्हते, इतकेच.

त्याच वर्षी ऑक्टोबरपासून मायक्रोसॉफ्टने दुरुस्त्यांसाठी महिन्यातील दुसरा मंगळवार नेमून दिला. कामाला शिस्त आली, पण एक पेचही उरला. दुरुस्ती जाहीर करणे म्हणजे भिंतीतील खिंडार कोठे आहे, हे चोरालाही सांगणे होय. त्या दिवसापासून चोर आणि घरधनी यांच्यात शर्यत लागते.

ही शर्यत हरल्याचे मोल २०१७ साली कळले. १४ मार्च रोजी विंडोजमधील एका गंभीर दोषाची दुरुस्ती निघाली. १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ने त्याच दोषाचा लाभ घेऊन सुमारे दीडशे देशांतील दोन लाखांहून अधिक यंत्रे ओलीस धरली आणि खंडणी मागितली. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील सुमारे एक-तृतीयांश रुग्णालय-संस्थांचे काम विस्कळीत झाले, हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या. इशारे मार्च-एप्रिलमध्येच पाठविले गेले होते. ज्या रुग्णाला त्या दिवशी परत जावे लागले, त्याला दुरुस्ती म्हणजे काय, हे ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. ते ठाऊक असणे दुसऱ्या कोणाचे तरी काम होते.

यावरून ‘येईल ती दुरुस्ती तत्काळ लावावी’ असा धडा कोणी घेतला असेल, तर पुढच्याच महिन्यात त्याला उलट धडा मिळाला. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ पसरला, तो युक्रेनमध्ये कचेऱ्याकचेऱ्यांतून वापरल्या जाणाऱ्या एका हिशेबाच्या प्रोग्रामच्या अधिकृत दुरुस्तीतूनच. शत्रूने पुरवठादाराच्या घरात शिरून शुद्धिपत्रकातच विष कालविले होते. आत शिरल्यावर मात्र त्याने मार्चमध्ये न बुजविलेल्या त्याच फटीचाही उपयोग केला. मर्स्क या जहाज कंपनीला त्याचा जबर तडाखा बसला आणि मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील तिच्या समूहाच्या धक्क्यावरचे काम खोळंबले. युक्रेनमधील हिशेबाची झळ अशी न्हावाशेव्यापर्यंत पोहोचली.

१९ जुलै २०२४ रोजी तर शत्रूचीही गरज उरली नाही. संगणकांच्या रक्षणासाठीच असलेल्या क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष दुरुस्तीने सुमारे ८५ लाख यंत्रे बंद पाडली. आपल्याकडेही काही विमानप्रवाशांना हाताने लिहिलेली प्रवेशपत्रे देण्यात आली. यंत्र थांबले, तेव्हा लेखणीच कामी आली.

मग करावे काय? आमच्या मते उत्तर जुन्या कचेरीतच आहे. चांगला कारकून शुद्धिपत्रक आल्याबरोबर ते कोणाकडून आले हे पाही, वाची, योग्य पानावर लावी आणि नोंदवहीत तारीख टाकी. संगणकाच्या बाबतीतही निराळे काही नाही. दुरुस्ती मूळ पुरवठादाराकडूनच घ्यावी, महत्त्वाच्या कागदपत्रांची प्रत वेगळी ठेवावी, मोठ्या कचेरीत ती आधी दोन-चार यंत्रांवर पारखावी; पण पारखण्याच्या निमित्ताने महिने लोटू देऊ नयेत. नव्या यंत्रांच्या साऱ्या वार्ता मुखोद्गत असण्याची आवश्यकता नाही. आपल्या स्वाधीन असलेल्या यंत्राची शेवटची दुरुस्ती केव्हा झाली, एवढे ज्याला सांगता येते, त्याने आपले काम केले. ज्याला ते सांगता येत नाही, त्याच्या टपालात एखादी पट्टी अजून न चिकटविलेली पडली असेल.