गाऊट म्हणजे काय? कारणे, पथ्य आणि औषधे सोप्या भाषेत

रात्री झोपताना पाय ठीक असतो. पहाटे अंगठ्याच्या मुळाशी अशी कळ येते की चादरीचा स्पर्शही सहन होत नाही. सांधा लाल, गरम आणि सुजलेला दिसतो. "मुरगळला असेल" म्हणून तेल चोळले जाते, मेडिकलमधून वेदनाशामक गोळी येते, आठ-दहा दिवसांत पाय बरा होतो आणि विषय संपतो.

गाऊटमध्ये फसगत इथेच होते. झटका औषध न घेताही साधारण एक-दोन आठवड्यांत ओसरतो. पण तो ज्या स्फटिकांमुळे आला ते सांध्यातच राहतात. म्हणून दुखणे थांबवणे आणि गाऊटवर उपचार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थोडक्यात महत्त्वाचे

• रक्तात युरिक ॲसिड दीर्घकाळ वाढलेले राहिले की सांध्यात स्फटिक जमतात. त्यातून गाऊट होतो.
• वेदनाशामक गोळी फक्त झटका शमवते, युरिक ॲसिड कमी करत नाही.
• वारंवार झटके येत असतील तर युरिक ॲसिड ६ मिलिग्रॅमच्या खाली आणून तिथेच ठेवावे लागते.
• वरण, उसळ, पालक बंद करण्याची सहसा गरज नसते.

गाऊट कसा होतो?

आपल्या पेशींमध्ये आणि अन्नात प्युरीन नावाचे घटक असतात. ते मोडले की युरिक ॲसिड तयार होते. यातले सुमारे दोन तृतीयांश शरीर स्वतःच बनवते, उरलेले अन्नातून येते. बाहेर टाकण्याचे मुख्य काम मूत्रपिंडे करतात.

रक्तातले प्रमाण दर डेसिलिटरला सुमारे ६.८ मिलिग्रॅमच्या वर गेले की ते नीट विरघळलेले राहत नाही. पाकात साखर जास्त झाली आणि पाक थंड झाला की खडे धरतात, तसेच हे आहे. पायाचा अंगठा शरीराच्या मानाने थंड असतो, म्हणून सुईसारखे स्फटिक तिथे लवकर धरतात. शरीरातल्या संरक्षक पेशी त्यांच्यावर तुटून पडल्या की सूज आणि वेदना सुरू होते. घोटा, गुडघा, मनगट, बोटे यांतही झटका येऊ शकतो.

वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले तर बोटांवर, कोपरावर किंवा कानाच्या पाळीवर खडूसारख्या गाठी येतात, सांधे झिजतात. युरिक ॲसिडचे मूतखडेही होऊ शकतात.

आयुर्वेदात यासारख्या आजाराला वातरक्त म्हणतात. चरकसंहितेत त्याचे आढ्यवात, म्हणजे श्रीमंतांचा वात, असेही नाव येते. युरोपातही याला राजांचा आजार म्हणत. यामुळे गाऊट झालेल्या माणसाकडे "खाण्यापिण्याची चैन केली" अशा नजरेने पाहिले जाते. प्रत्यक्षात बहुतेक रुग्णांमध्ये मूळ दोष मूत्रपिंडातून युरिक ॲसिड पुरेसे बाहेर न पडण्याचा असतो आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो.

धोका कोणाला जास्त?

• चाळिशीपुढचे पुरुष आणि पाळी गेलेल्या स्त्रिया
• घरात कोणाला गाऊट असलेले
• लठ्ठपणा, रक्तदाब, मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेले
• रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या, कमी डोसची ॲस्पिरिन किंवा टीबीची पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल ही औषधे घेणारे

ही औषधे स्वतःहून बंद करू नका. टीबीचा कोर्स मध्येच सोडणे गाऊटपेक्षा कितीतरी धोक्याचे आहे. त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

सांधा दुखला म्हणजे गाऊटच का?

नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा यांच्या गटाने सांधेदुखीचे घरोघर सर्वेक्षण केले. दुखण्याच्या तक्रारी भरपूर सापडल्या, पण गाऊटचे रुग्ण मोजकेच निघाले. त्यामुळे केवळ अंग दुखते म्हणून गाऊटच्या गोळ्या सुरू करू नयेत.

रिपोर्ट वाचतानाही दोन गोष्टी लक्षात ठेवा. युरिक ॲसिड जास्त असूनही अनेकांना कधीच गाऊट होत नाही, आणि त्रास नसेल तर सहसा औषध लागत नाही. उलट, ऐन झटक्यात हा आकडा नॉर्मल येऊ शकतो, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी तपासणी पुन्हा करावी. सर्वांत खात्रीची चाचणी म्हणजे सांध्यातले पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली स्फटिक पाहणे.

सांधा सुजला आणि सोबत ताप, थंडी असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. सांध्यात जंतुसंसर्ग असू शकतो.

ताटात काय बदलावे?

"आधी डाळ बंद करा" हा सल्ला घरोघरी मिळतो. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ४७,१५० पुरुषांच्या आहाराकडे १२ वर्षे लक्ष ठेवले गेले. मांस आणि मासळी जास्त खाणाऱ्यांत गाऊट जास्त दिसला. प्युरीनयुक्त भाज्या, कडधान्ये खाणाऱ्यांत धोका वाढला नाही. कमी स्निग्धांशाचे दूधदही घेणाऱ्यांत तो कमी होता.

ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यांत आणि कल्याण-डोंबिवलीच्या आगरी घरांत मासळी हे रोजचे जेवण आहे. ते पूर्ण तोडण्याची गरज नाही, प्रमाण आणि निवड बदलावी लागते.

• कमी करा: कलेजी, वजडी, पाया, जवळा, सुकट, मांदेली, कोलंबी, शिंपल्या, मटणाचे मोठे वाटप.
• टाळा: बिअर आणि दारू. गटारीला मटण आणि बिअर एकाच बैठकीत पोटात जातात, ती झटक्याला आमंत्रण देणारी जोडी आहे.
• कमी करा: थंड पेये, पॅकबंद ज्यूस, साखरेची सरबते. फ्रुक्टोजमुळे युरिक ॲसिड वाढते.
• घ्या: ताक, दही, भाज्या, वरण, उसळ आणि पुरेसे पाणी.

लोकलच्या प्रवासात शौचालयाची सोय नसते म्हणून अनेक जण सकाळपासून पाणीच पीत नाहीत. घामाच्या दिवसांत हे महागात पडते. निदान कामावर पोहोचल्यावर आणि घरी आल्यावर ती कसर भरून काढा. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर किती पाणी प्यायचे हे डॉक्टरांना विचारा.

वजन हळूहळू कमी करा. कडक उपासाने युरिक ॲसिड उलट वाढते. पथ्याची मर्यादाही ओळखा: आहार बदलून हा आकडा साधारण १ मिलिग्रॅमने उतरतो. तो ९ असेल तर नुसत्या पथ्याने ६ होणार नाही.

औषधे: झटक्याची वेगळी, आजाराची वेगळी

१. झटका शमवणारी

नॅप्रोक्सेन, इंडोमेथासिनसारखी वेदनाशामके, कोल्चिसिन किंवा थोड्या दिवसांचे स्टेरॉइड यांपैकी एक डॉक्टर निवडतात. जितके लवकर सुरू कराल तितका फायदा जास्त. सोबत सांध्याला विश्रांती आणि कापडात गुंडाळलेला बर्फ द्या. चोळू नका.

मूत्रपिंडाचा आजार, अल्सर, हृदयविकार असणाऱ्यांना वेदनाशामके घातक ठरू शकतात. गाऊटच्या अनेक रुग्णांची मूत्रपिंडे आधीच नाजूक असतात. दर झटक्याला मेडिकलमधून स्वतःच गोळ्या आणत राहिलात तर युरिक ॲसिड बाहेर टाकणारा अवयवच बिघडतो.

कोल्चिसिनने जुलाब होऊ शकतात आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारख्या अँटिबायोटिकसोबत ते विषारी ठरू शकते. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीत हेच द्रव्य असते. तिचा कंद खाल्ल्याने जीव जाऊ शकतो, त्यामुळे घरगुती प्रयोग नकोत.

२. युरिक ॲसिड कमी करणारी

वर्षात दोन किंवा अधिक झटके, अंगावर गाठी किंवा सांध्याची झीज असेल तर ही औषधे लागतात. मूतखडे किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पहिल्या झटक्यानंतरही विचार होतो.

ॲलोप्युरिनॉल हे यातले जुने आणि पहिल्या पसंतीचे औषध. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून ते आले. या दोघांना १९८८ साली नोबेल मिळाले. डोस सहसा रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ठेवून सुरू करतात आणि रक्ततपासणी पाहून हळूहळू वाढवतात. अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर गोळी लगेच थांबवून डॉक्टरांकडे जा.

फेबुक्सोस्टॅट हा दुसरा पर्याय. हृदयविकार असेल तर तसे आधी सांगा. अझाथायोप्रिन घेत असाल तर यांपैकी कोणतेही औषध डॉक्टरांना सांगितल्याशिवाय घेऊ नका.

सुरुवातीच्या काही महिन्यांत झटके उलट वाढू शकतात, कारण जुने स्फटिक विरघळू लागतात. "गोळीनेच त्रास झाला" म्हणून अनेक जण इथेच औषध सोडतात. म्हणून डॉक्टर पहिले तीन ते सहा महिने सोबत कमी डोसचे कोल्चिसिन देतात. झटका आला तरी चालू गोळी बंद करू नका.

नेहमीचे प्रश्न

ही गोळी जन्मभर घ्यावी लागते का?
बहुधा दीर्घकाळ. बंद केली की आकडा पुन्हा वाढतो. पण तो ६ च्या खाली राहिला तर स्फटिक विरघळतात, झटके थांबतात आणि गाठीही लहान होतात.

कोणत्या डॉक्टरांकडे जावे?
आधी फॅमिली डॉक्टर किंवा फिजिशियन, गरज पडल्यास संधिवाततज्ज्ञ. ठाणेकरांसाठी कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणला रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीत शास्त्रीनगर ही महापालिकांची रुग्णालये आहेत. ॲलोप्युरिनॉल स्वस्त जेनेरिक स्वरूपात मिळते.

डॉक्टरांना काय विचारावे?
"माझे युरिक ॲसिड किती आहे, किती हवे आणि पुन्हा कधी तपासायचे?" पाय दुखत नसतानाही हा प्रश्न विचारा. गाऊटवरचा खरा उपचार दोन झटक्यांच्या मधल्या शांत दिवसांतच होतो.

ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. औषध आणि डोस डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठरवा.