औंध संस्थानचीं गांवें व मुक्त नकाशे

औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता. 1948 सालीं संस्थान विलीन झालें. आज औंध सातारा जिल्ह्यांत, आटपाडी व कुंडल सांगलींत, तर गुणदाळ कर्नाटकांत मोडतें. अशा मुलखांतील सनदेंतलें गांव नक्की कोणतें, हें ठरविण्यास मुक्त नकाशे उपयोगी पडतात, असा आमचा अनुभव आहे.

'ओपनस्ट्रीटमॅप' या 2004 सालीं आरंभिलेल्या नकाशाची सामग्री विनामूल्य उतरवून घेतां येते. 'क्यूजीआयएस' या संगणकप्रणालींत ती एक थर म्हणून मांडावी; कागदपत्रांतील गांवांची अक्षांश-रेखांशांसह यादी हा दुसरा थर. जुना छापील नकाशा ओळखीच्या स्थळांवर जुळवून तिसरा करावा.

मात्र केवळ नामसाम्यावर विसंबूं नये. 'औंध' शोधल्यास पुण्यालगतचें औंधही पुढें येतें. म्हणून परगणा व शिवेवरचीं गांवें जुळल्याखेरीज स्थळ निश्चित मानूं नये. शिवाय हा थर आजचा आहे. कुंडलाजवळ दिसणारी किर्लोस्करवाडी 1910 सालीं वसली. पेशवेकालीन कागदाची शीव तिच्यावरून ठरवितां येणार नाहीं. एकदां चुकीचें स्थळ छापलें गेलें कीं पुढील लेखक तेंच उचलतात. यास्तव प्रत्येक बिंदूसोबत त्याचा आधार नोंदवावा, आणि नकाशा छापतांना मूळ सामग्रीचा निर्देश अवश्य करावा.