सहायक क्रियापद कोणाचे ऐकते?

राज्यातील मराठी शाळांत 2000 पासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. तरीही 'शी डझ नॉट गोज' किंवा 'शी हॅव रिटन टू लेटर्स' अशी वाक्ये उत्तरपत्रिकांत आढळतात. त्यांचे मूळ आळसात नसून मराठीच्या घडणीत आहे.

परभणीकडच्या बोलीत 'तो जायलाय, ती जायलीय, ते जायलेत' असे म्हणतात. लिंग आणि वचन दोन्ही क्रियापदाच्या अंगावर दिसतात. इंग्रजी क्रियापदाला लिंगाशी कर्तव्य नाही. पुरुष व वचन यांची खूणही ते एकदाच, साखळीतील पहिल्या सहायक क्रियापदावर लावते: 'द गर्ल हॅज बीन रीडिंग', पण 'द गर्ल्स हॅव बीन रीडिंग'. पुढचे 'बीन रीडिंग' जसेच्या तसे राहते. 'डझ'ने ही खूण घेतली की 'गोज'ला ती पुन्हा लावता येत नाही, म्हणून 'शी डझ नॉट गो'. 'कॅन, मे, मस्ट, विल' यांना तर ती खूण मुळीच लागत नाही.

खरी अडचण कर्मणी प्रयोगाची. 'तिने दोन पत्रे लिहिली आहेत' यात 'आहेत' हे पत्रांचे ऐकते, तिचे नव्हे. इंग्रजीत पत्रे दोन असोत वा दोनशे, 'शी हॅज'च येणार. 'गुरुजी आले आहेत' याचे 'हॅव कम' होते तेही असेच. आदरार्थी अनेकवचन इंग्रजीत चालत नाही, तेथे गुरुजींनाही 'हॅज'च. गंमत अशी की, 'यू' हे सर्वनाम पूर्वी अनेकवचनी होते आणि एकाला उद्देशून 'दाऊ आर्ट' म्हणत. आपल्या 'तुम्ही'प्रमाणे आदराने एकासाठीही 'यू' रूढ झाले, म्हणून समोर एकच माणूस असला तरी 'यू आर' म्हणावे लागते.

कर्ता व क्रियापद यांच्यामध्ये दुसरे नाम आले की चांगले लिहिणारेही चकतात. 'द प्राइस ऑफ सोयाबीन सीड्स हॅज रिझन' येथे वाढला आहे तो भाव, बियाणे नव्हे. 'ऑफ'च्या पुढचा भाग हाताने झाकून वाक्य वाचले की कर्ता उघडा पडतो. शिक्षकांनी फळ्यावर मराठी व इंग्रजी वाक्ये शेजारी मांडून प्रयोग ओळखायला लावला, तर नुसत्या घोकंपट्टीपेक्षा हे लवकर उमगते.