कवड्या, केशर आणि सोळा वर्षांची मुलगी

मंडळी, शाब्दिक उदाहरण म्हटलं की भल्याभल्यांच्या पोटात गोळा येतो. पण ही उदाहरणे काही इंग्रजांनी आणलेली नाहीत हो! भास्कराचार्यांची 'लीलावती' इ.स. ११५० ची. मंगलाचरण झाले की लगेच पैशाचे कोष्टक : २० कवड्यांची १ काकिणी, ४ काकिणींचा १ पण, १६ पणांचा १ द्रम्म, १६ द्रम्मांचा १ निष्क. हे सोळा बघून माझ्या वयाच्यांना रुपयाचे १६ आणे आठवणारच. १९५७ च्या १ एप्रिलला १०० नवे पैसे आले, तरी आमच्या घरात 'चार आणे, आठ आणे' सुटले नाहीत.

पुढे येते त्रैराशिक. ३/७ निष्काला अडीच पल केशर, तर ९ निष्कांना किती? मधल्याला शेवटच्याने गुणा, पहिल्याने भागा.. साडेबावन्न पल. पहिली आणि शेवटची राशी एकाच जातीची हवी, ही अट मात्र मुले हटकून विसरतात. इथे दोन्हीकडे निष्क आहेत म्हणून जमते.

मग व्यस्त त्रैराशिक, म्हणजे एक वाढले की दुसरे कमी होते ते. आणि इथे मी दरवेळी थबकते. सोळा वर्षांच्या स्त्रीला ३२ निष्क पडतात, तर वीस वर्षांचीला किती? १६ गुणिले ३२ भागिले २०, उत्तर २५ पूर्णांक ३/५. त्याच श्लोकात पुढे बैल आहे. दोन वर्षे जुंपलेल्याची किंमत ४ निष्क, तर सहा वर्षे जुंपलेल्याची किती? रीत तीच, उत्तर १ पूर्णांक १/३.

गणित अचूक आहे. पण वय वाढले की बाईची किंमत उतरते, हे वाचणाऱ्याला समजावून सांगावे लागत नसे म्हणूनच ते उदाहरणात आले ना? त्या काळी माणसे विकली जात, हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत उरकतात. इथे अपूर्णांकासकट दर मिळतो. आणि ग्रंथाला नाव लीलावती! (ती आचार्यांची मुलगी, ही गोष्ट फैजीच्या १५८७ च्या फारसी भाषांतरात येते. खरी असेल नसेल.) हे उदाहरण मी वर्गात कधी घातले नाही, पण शिक्षकांनी ते वाचावे असे मला वाटते.

असो. 'बीजगणिता'तले घोडे मात्र मी आवर्जून घालायचे. एकाकडे ६ घोडे आणि ३०० रूपक, दुसऱ्याकडे १० घोडे पण १०० चे कर्ज. दोघांची मालमत्ता सारखी. घोडा केवढ्याचा? अज्ञाताला आचार्य 'यावत्तावत्' म्हणतात, आपण क्ष म्हणू. ६क्ष + ३०० = १०क्ष − १००, म्हणून ४क्ष = ४००. घोडा १०० चा, प्रत्येकाची मालमत्ता ९०० ची. कर्ज म्हणजे ऋण, जवळचे ते धन, हे शब्द त्यांचेच. ज्यांच्या घरी वाण्याची उधारी असे, त्या मुलांना वजा शंभर मला कधी समजवावे लागले नाहीत.